चाळीस मीटरचं मैदान आणि हातातला पडदा: फुटसालच्या डिजिटल डावफलकाचा आढावा

फुटसालच्या प्रशिक्षकांमध्ये काही वर्षांपासून एक वाद मुरतो आहे. टॅबलेटवर मैदान काढायचं, त्यावर खेळाडूंचे ठिपके सरकवायचे, बाण ओढायचे, वाटल्यास ते सगळं चित्र हलवून दाखवायचं, याने खेळ सुधारतो का? काहींच्या मते या साधनाविना आजचं प्रशिक्षण अपुरं आहे. काहींना वाटतं, बाणांनी खेळाडूंची नजर मैदानावरून उठून पडद्यावर खिळते. दोन्हीकडे जाणती माणसं आहेत. हा वाद कुठून सुरू झाला, आज कुठवर आला आहे आणि त्यातलं काय अजून सुटलेलं नाही, ते इथे क्रमाने पाहू.

खेळाची चौकट

१९३० साली उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ इथे वायएमसीएमध्ये शिकवणाऱ्या हुआन कार्लोस सेरियानी यांनी हा खेळ बांधला. त्याच वर्षी फुटबॉलचा पहिला विश्वचषक उरुग्वेने आपल्याच भूमीवर जिंकला होता, आणि गावभर पोरं जागा मिळेल तिथे फुटबॉल खेळत होती. सेरियानींनी ती हौस छपराखाली आणली. पाच खेळाडू बास्केटबॉलमधून घेतले, मैदान आणि गोल हँडबॉलमधून, तर गोलकीपरचे काही नियम वॉटरपोलोमधून. या मुळांचा संबंध आपल्या विषयाशी थेट आहे. बास्केटबॉल आणि हँडबॉल या दोन्ही खेळांत फलकावर डाव काढायची सवय जुनी आहे, आणि फुटसालकडे ती घराण्यातूनच आली.

आंतरराष्ट्रीय सामन्याचं मैदान ३८ ते ४२ मीटर लांब आणि २० ते २५ मीटर रुंद असतं. गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. पेनल्टीचा ठिपका ६ मीटरवर, दुसरा १० मीटरवर. चेंडू चार नंबरचा आणि कमी उसळणारा. २० मिनिटांचे दोन डाव, पण घड्याळ थांबवून मोजलेले. खेळाडू कितीही वेळा, खेळ न थांबवता बदलता येतात. किक-इन, कॉर्नर, फ्री किक यांना चार सेकंदांची मुदत. गोलकीपरही आपल्या अर्ध्यात चार सेकंदांहून जास्त वेळ चेंडू ठेवू शकत नाही. प्रत्येक डावात एक मिनिटाचा एकच टाइमआउट, आणि पहिल्या डावात तो वापरला नाही तर दुसऱ्यात जमा होत नाही.

ही यादी वाचून एक गोष्ट ध्यानात येते. मैदान लहान आहे, माणसं मोजकी आहेत, म्हणून हा खेळ कागदावर सहज मावतो. मात्र वेळ इतकी ताणलेली आहे की कागदावर मावलेलं मैदानात उतरवायला सवड मिळत नाही. फलकावरचा सगळा वाद या दोन गोष्टींच्या मधे उभा आहे.

खडूपासून टॅबलेटपर्यंत

आधी फळा आणि खडू होता. मग पांढरा बोर्ड, मार्कर आणि लोहचुंबकाच्या रंगीत चकत्या आल्या. स्पेनमध्ये तर ‘पिसारा’, म्हणजे फळा, हा शब्द प्रशिक्षकाच्या डोक्यातल्या डावासाठीच वापरतात. आखलेल्या कॉर्नरवरून गोल झाला की तो ‘फळ्यावरचा गोल’.

स्मार्टफोन आणि टॅबलेट आल्यावर चित्र बदललं. ब्राझीलमध्ये तयार झालेला ‘टॅक्टिकलपॅड’ अशा साधनांपैकी बराच पसरलेला. व्हिडिओवर खुणा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बार्सिलोनाकडचं ‘लाँगोमॅच’ आणि कॅनरी बेटांवरचं ‘नॅकस्पोर्ट’ ही नावं फुटसालच्या लोकांना परिचयाची आहेत. या साधनांचं मूळ ब्राझील आणि स्पेनमध्ये असणं स्वाभाविक आहे, कारण हा खेळ जिथे गल्लीगल्लीत आहे तिथूनच अशा सोयींची मागणी आली.

साधी चकती आणि डिजिटल फलक यांच्यात फरक चार ठिकाणी पडतो. एक, डाव साठवता येतो, परत काढता येतो. दोन, तो टप्प्याटप्प्याने हलवून दाखवता येतो. तीन, सामन्याआधी खेळाडूंच्या फोनवर पाठवता येतो. चार, चित्र उलटंसुलटं फिरवता येतं. यातला चौथा मुद्दा कुणाला क्षुल्लक वाटेल, पण संशोधनाने त्यालाही वजन दिलं आहे. त्याकडे पुढे येऊ.

नियमांनीही वाट मोकळी केली. फुटबॉलच्या नियमात २०१८-१९ पासून संघाच्या अधिकाऱ्यांना डावपेचांसाठी लहान, हातात धरता येणारी उपकरणं वापरायची मुभा मिळाली. पुढे फुटसालच्या नियमावलीतही ती आली. आता खेळाडू-बदलाच्या बाकाशेजारी टॅबलेट दिसला तर कोणी भुवई उंचावत नाही.

फलकावर काय मावतं

वादात शिरण्याआधी दोन डाव जवळून पाहू. दोन्ही प्रशिक्षणात नेहमीचे.

पहिला कॉर्नर. उजव्या कोपऱ्यावर चेंडू ठेवला आहे. आपले चार खेळाडू: एक मारणारा, दुसरा जवळच्या खांबापाशी, तिसरा दूरच्या खांबाच्या बाजूला, चौथा १० मीटरच्या ठिपक्याच्या आसपास. बचाव करणारे चेंडूपासून ५ मीटर दूर राहतात. शिट्टी वाजते. जवळच्या खांबाचा खेळाडू झटकन मारणाऱ्याकडे पळत येतो आणि त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या बचावपटूला आपल्यामागे ओढतो. त्याच क्षणी चेंडू मागे, १० मीटरवरच्या खेळाडूकडे सरपटत जातो आणि तो थेट फटका मारतो. दूरच्या बाजूचा खेळाडू फटका सुटायच्या आधीच दुसऱ्या खांबाकडे निघालेला असतो, कारण फटका गोलाबाहेर जात असेल तर त्याने तो पायाने वळवायचा आहे. सगळं घडतं चार सेकंदांच्या आत.

हा डाव कागदावर काढला तर बाण चार येतात. कुठला बाण आधी, कुठला नंतर, हे कागद सांगत नाही. आकडे लिहावे लागतात, आणि ‘आधी’ म्हणजे अर्धा सेकंद आधी की पूर्ण सेकंद, हे तरीही उरतंच. हलत्या चित्रात तो अर्धा सेकंद दिसतो. कॉर्नर, किक-इन, फ्री किक यांसाठी डिजिटल फलक उपयोगी आहे, यावर आज फारसा मतभेद नाही तो त्यामुळेच. गोलकीपर मैदानात पुढे येऊन पाचवा खेळाडू होतो त्या ‘पॉवर प्ले’बाबतही तेच. एकदा हल्ला १-२-२ असा बसला आणि बचाव चौकोन किंवा डायमंड करून उभा राहिला की खेळाडूंच्या जागा बऱ्यापैकी ठरलेल्या असतात, चेंडू फिरत राहतो. लाल कार्डामुळे एक खेळाडू कमी झालेला संघ दोन मिनिटं किंवा गोल होईपर्यंत तिघांनी बचाव करतो, तेव्हाही तसंच.

आता दुसरा डाव. मधल्या मागच्या खेळाडूकडे, म्हणजे फिक्सोकडे, चेंडू आहे. डाव्या रेषेजवळचा खेळाडू, म्हणजे ‘आला’, आत येतोय असं भासवतो आणि अचानक रेषेलगत पुढे पळतो. फिक्सो रेषेला समांतर पास देतो. हा ‘पॅरालेला’. पण आलावर नजर ठेवणारा बचावपटू सैल उभा असेल तर मागे पळण्यात अर्थ नाही, चेंडू पायाशी घ्यायचा. बचावपटू रेषेच्या बाजूने झाकून उभा असेल तर आत तिरकं जायचं, तो ‘दियागोनाल’. म्हणजे सुरुवात एक, वाटा तीन, आणि निवड समोरच्याच्या उभं राहण्यावर. फलकावर बाण एकच उमटतो. तीन बाण काढले तर चित्र गोंधळतं, एकच काढला तर ते अर्धसत्य ठरतं.

मतभेद सुरू होतात ते इथून.

पाठांतराच्या बाजूने

एका मताप्रमाणे फुटसालमध्ये मोकळा खेळ असं काही फार उरत नाही. जागा इतकी कमी आहे की एका खेळाडूने हालचाल केली की बाकी तिघांनी काय करायचं हे आधी ठरलेलं असावंच लागतं. तसं नसेल तर दोघे एकाच मोकळ्या जागेत धावतात आणि तिसरी जागा रिकामी राहते. चौघे एका ओळीत खेळायची ४-०ची पद्धत आणि एक पिव्हट पुढे ठेवलेली ३-१ची पद्धत या दोन्ही फिरत्या हालचालींवर चालतात. ब्राझीलमध्ये त्याला ‘रोदीझियो’ म्हणतात. स्पॅनिश प्रशिक्षक ‘ऑटोमॅटिस्मो’ म्हणतात, म्हणजे इतक्या वेळा घोटलेली हालचाल की ती विचार न करता घडते.

या मताला इतिहासाचं बळ आहे. पहिला फिफा फुटसाल विश्वचषक १९८९ साली नेदरलँड्समध्ये झाला. ब्राझीलने तो आणि पुढचे दोन, १९९२ व १९९६, जिंकले. मग हावियेर लोसानो यांच्या प्रशिक्षणाखालच्या स्पेनने २००० मध्ये ग्वातेमालात अंतिम सामन्यात ब्राझीलला ४-३ने हरवलं आणि २००४ मध्ये इटलीला हरवून चषक राखला. व्यक्तिगत कौशल्यात ब्राझील वरचढ असतानाही स्पेनने बाजी मारली, ती शिस्तीने आखलेल्या हालचालींच्या जोरावर, असं तेव्हापासून बोललं जातं. विजयाचं कारण इतकं एकरेषीय नसतं हे खरं. तरी त्या काळात जगभरच्या प्रशिक्षकांनी स्पेनकडून डाव आखायचे धडे घेतले, यात शंका नाही.

या गटाला डिजिटल फलक का आवडतो, हे सहज कळतं. रोदीझियोमध्ये चार खेळाडूंच्या जागा सतत बदलत असतात. चकत्यांच्या फलकावर तिसऱ्या फेरीपर्यंत कोण कुठे होतं ते प्रशिक्षकालाच आठवत नाही. हलत्या चित्रात प्रत्येक ठिपका आपल्या रंगासकट फिरत राहतो. शिवाय खेळाडू वाटेल तेव्हा बदलता येत असल्याने आत जाणाऱ्याला रोदीझियोच्या मधल्या टप्प्यात शिरावं लागतं. नवीन आलेल्याला सगळे दुवे आधीच ठाऊक असणं या पद्धतीत अत्यावश्यक आहे, आणि ते घरी फोनवर पाहून येता येतात.

परिस्थितीतून शिकण्याच्या बाजूने

दुसऱ्या मताचं बरंचसं सैद्धांतिक काम पोर्तुगालमध्ये झालं. लिस्बनचे दुआर्ते अराउजो आणि इंग्लंडमध्ये काम केलेले कीथ डेव्हिड्स यांनी मांडलेला विचार असा: खेळाडू डोक्यात साठवलेलं चित्र मैदानावर उतरवत नाही, तो समोरच्या परिस्थितीतून संधी वाचतो. चेंडू, सहकारी, प्रतिस्पर्धी, गोल यांच्यातलं अंतर आणि कोन क्षणाक्षणाला बदलतात, आणि निर्णय त्या बदलात घडतो. म्हणून सराव खऱ्या सामन्यासारखा असला पाहिजे. खेळाडूला डाव सांगू नये, सरावातले नियम, मैदानाचा आकार, खेळाडूंची संख्या अशी बदलावी की त्याला तो डाव स्वतःच सापडेल. ब्रुनो त्रावासोस यांनी हाच विचार फुटसालमध्ये लावून पास अडवणं, बचावपटूची जागा, चेंडू आणि गोल यांच्याशी असलेला त्याचा कोन यांवर संशोधन केलं.

या मतानुसार पॅरालेला आणि दियागोनाल हे दोन डाव नाहीतच. ती बचावपटूला दिलेली दोन उत्तरं आहेत. फलकावर बचावपटू स्थिर ठिपका असतो. मैदानावर तो गडबडतो, घाई करतो, अर्धं पाऊल चुकीच्या पायावर टाकतो, आणि खरा खेळाडू संधी वाचतो ती नेमकी त्या अर्ध्या पावलात.

या मताला फलकविरोधी म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. या विचाराचे अनेक प्रशिक्षक टॅबलेट वापरतात, पण सरावाआधी क्वचित, बहुतेक वेळा नंतर. आधी चार-चारांचा खेळ, मग पाणी पिताना पडद्यावर तोच प्रसंग, आणि प्रश्न: ‘इथे तू काय पाहिलंस?’ उत्तर खेळाडूने द्यायचं, बोट त्याने फिरवायचं. पेन कोणाच्या हातात आहे हा मुद्दा त्यांना साधनापेक्षा मोठा वाटतो. मला तो या सगळ्या वादातला सर्वांत सुपीक मुद्दा वाटतो, कारण तो दोन्ही मतांच्या प्रशिक्षकांना वापरता येतो.

निकालांकडे पाहिलं तर गेल्या काही विश्वचषकांनी कोणत्याच मताला पूर्ण कौल दिलेला नाही. २०१६ मध्ये अर्जेंटिना, २०२१ मध्ये जॉर्जे ब्राझ यांच्या प्रशिक्षणाखालचा पोर्तुगाल, २०२४ मध्ये उझबेकिस्तानात पुन्हा ब्राझील. तिघांच्या खेळाचा पोत वेगवेगळा.

संशोधन काय म्हणतं

डावफलकावर प्रत्यक्ष प्रयोग झालेत, पण बहुतेक बास्केटबॉल आणि अकरा-अकराच्या फुटबॉलवर. फुटसालला त्यातून घेण्यासारखं बरंच आहे, फक्त ते उसनं आहे याची जाण ठेवावी.

फ्रान्समधल्या ऐमेन खाशारेम, बाशिर झुदजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या हलत्या आणि स्थिर चित्रांवर काम केलं. निष्कर्षांचा कल असा: नवख्या खेळाडूला एका वेळी एकच घटक दाखवला तर डाव नीट उमगतो. अनुभवी खेळाडूला तोच टप्प्याटप्प्याचा पाठ तितका फळत नाही, कधी आडच येतो. तसंच सतत हलणारं चित्र अनुभवी माणसाला झेपतं. नवख्याला स्थिर चित्रांची मालिका बरी पडते, कारण हलतं चित्र मनात टिपून होईतो पुढे सरकलेलं असतं.

हे निष्कर्ष डिजिटल फलकाच्या जाहिरातीच्या नेमके उलट जातात. ‘हलतं चित्र म्हणजे मुलांना पटकन समजेल’ असं सगळे गृहीत धरतात. प्रयोग सांगतात, नवख्याला थांबवून, एकेक चौकट दाखवून शिकवा, आणि अनुभवी खेळाडूला सलग दाखवा. साधन तेच, वापर वेगळा.

दुसरं काम जर्मनीतल्या पाडरबॉर्न विद्यापीठातलं, डॅनियल क्राउझे आणि मॅथियास वायगेल्ट यांचं, बास्केटबॉलवरचं. प्रश्न साधा होता: फलकावरच्या मैदानाची दिशा खेळाडूच्या दिशेशी जुळत नसेल तर काय होतं? खेळाडूला ते चित्र मनातल्या मनात फिरवावं लागतं, त्यात वेळ जातो, चुका वाढतात. चित्र जितकं उलटं, तितका भार जास्त.

फुटसालमध्ये हा प्रश्न आणखी टोकदार आहे. दुसऱ्या डावात संघ गोल बदलतात आणि त्याबरोबर बाकही बदलतात. म्हणून पहिल्या डावात बाकावरून पाहता आपला हल्ला उजवीकडे जात असेल तर दुसऱ्या डावात तो डावीकडे जातो. पहिल्या डावात बाकाकडची बाजू म्हणजे उजवा आला असेल, तर दुसऱ्यात तीच बाजू डाव्याची. प्रशिक्षकाने मात्र टॅबलेटवर आदल्या रात्री काढलेलं चित्र दोन्ही वेळा तसंच पुढे केलं, की खेळाडूला एका मिनिटाच्या टाइमआउटमध्ये ते मनात उलटवून घ्यावं लागतं. चित्र १८० अंशांत फिरवायची कळ बहुतेक साधनांत असते. ती वापरायची सवय लागली, एवढ्याने डिजिटल फलकाचा बराच पैसा वसूल होतो.

एका मिनिटाचा हिशेब

टाइमआउटचं मिनिट खरं पाहता मिनिट नसतं. खेळाडू बाकापाशी येतात, पाणी घेतात, श्वास आवरतात. ऐकायच्या स्थितीत यायलाच वेळ लागतो. उरलेल्या वेळात प्रशिक्षक काय दाखवू शकतो, यावर तीन प्रवाह दिसतात. काहींच्या मते फलक नकोच, दोन वाक्यं आणि एक नाव पुरे. काही जण चकत्यांचा छोटा बोर्ड पसंत करतात, कारण तो मांडीवर ठेवता येतो, त्याला चार्जिंग लागत नाही, पडद्यावर दिव्यांची झळाळी पडत नाही. तिसरे टॅबलेटवर आधीच साठवलेला डाव उघडतात आणि एखादा ठिपका सरकवून ‘आज त्यांचा पिव्हट इथे उभा राहतोय’ एवढंच सांगतात.

तिघांतही समान धागा आहे. टाइमआउटमध्ये नवा डाव शिकवायचा नसतो, ओळखीचा डाव आठवून द्यायचा असतो. ज्यांनी तो सरावात कधी पाहिलेला नाही, त्यांना ते चित्र शेवटच्या दोन मिनिटांत तारणार नाही. हे अनुभवी प्रशिक्षक एकमताने सांगतात.

चिन्हांचं राज्य कुणाचं

यापुढचा प्रश्न बाहेरून किरकोळ दिसतो, पण माझ्या मते आज सगळ्यात मागे पडलेला तोच आहे. बास्केटबॉलच्या फलकावर सरळ रेघ म्हणजे खेळाडूची धाव, तुटक रेघ म्हणजे पास, नागमोडी रेघ म्हणजे ड्रिबल. फुटबॉल प्रशिक्षणाच्या पुस्तकांत सरळ रेघ म्हणजे पास आणि तुटक म्हणजे धाव असाही रिवाज आहे. फुटसाल दोन्हींच्या मधला, त्यामुळे त्याने दोन्ही उचलले. साधनं आपापली ठरीव चिन्हं घेऊन येतात, आणि अडवणुकीसाठी, म्हणजे सहकाऱ्यासाठी बचावपटूच्या वाटेत उभं राहण्यासाठी, कुठे आडवी रेघ, कुठे इंग्रजी टी. एका प्रशिक्षकाचं चित्र दुसऱ्याला वाचताना थांबावं लागतं. मुलगा एका अकादमीतून दुसरीकडे गेला की त्याच्यासाठी पास आणि धाव अदलाबदल होतात.

मराठी वाचकाला हे प्रकरण अनोळखी वाटू नये. पलुसकर आणि भातखंडे या दोन विष्णूंनी हिंदुस्थानी संगीतासाठी दोन वेगवेगळ्या स्वरलेखन पद्धती दिल्या. भातखंड्यांची सोपी म्हणून अधिक रुळली, आणि त्या लेखनात गायकी उतरत नाही ही तक्रार दोन्हींवर झाली. तरी स्वरलेखनाने बंदिशी टिकल्या, इतरांना वाचता आल्या. फुटसालच्या चिन्हांनीही तितकंच करायचं आहे. पॅरालेलाची चपळाई बाणात येणार नाही, पण कुठल्या बाणाचा अर्थ काय एवढं तरी सगळ्यांचं एक असावं.

साधनं बनवणाऱ्यांकडून एकसारखेपणाची अपेक्षा फोल आहे. त्यांचा धंदा वेगळेपणावर चालतो. हे काम प्रशिक्षकांच्या संस्थांचं.

आकडे, सेन्सर आणि यंत्राचा सल्ला

पुढची लाट आकड्यांची आहे. छपराखाली जीपीएस नीट चालत नाही, म्हणून फुटसालसाठी हॉलमध्ये अल्ट्रावाइडबँडचे खांब बसवून खेळाडूंचा माग काढतात. मग फलकावरचे ठिपके प्रशिक्षकाला हाताने हलवावे लागत नाहीत, खऱ्या सामन्यातले खरे ठिपकेच पडद्यावर येतात. हा खर्च मोठ्या संघांनाच परवडतो.

फुटबॉलमध्ये २०२४ साली गूगल डीपमाइंडने लिव्हरपूलबरोबर केलेलं ‘टॅक्टिकएआय’चं संशोधन प्रसिद्ध झालं. प्रीमियर लीगमधल्या ७,१७६ कॉर्नरवरून शिकलेली ही प्रणाली खेळाडूंची मांडणी सुचवते, आणि तज्ज्ञांनी तिच्या सूचना मूळ मांडणीपेक्षा ९० टक्के वेळा पसंत केल्या. कॉर्नर हा स्थिर चेंडूवरचा डाव, म्हणजे फलकाला आधीपासूनच सोयीचा. मोकळ्या खेळात यंत्र असा सल्ला देईल का, आणि दिला तर तो घामाघूम पाच खेळाडूंच्या कानी चार सेकंदांत कसा पोचणार, हे प्रश्न अनुत्तरित आहेत. फुटसालच्या प्रशिक्षकाने तूर्त या प्रकरणाने फार हरखून जायचं कारण नाही.

आपल्याकडची स्थिती

महाराष्ट्रात आणि गोव्यात फुटसाल हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी चालतो. मुंबई, ठाणे, पुण्यात इमारतीच्या गच्चीवर किंवा मोकळ्या प्लॉटवर जाळीत बंदिस्त ‘टर्फ’ दिसतात, तासाच्या भाड्याने मिळतात. तिथे खोटं गवत असतं, चेंडू बहुधा पाच नंबरचा असतो, आणि जाळीवर आपटून आलेला चेंडू खेळातच असतो. नियमातल्या फुटसालला रेषा आहे, किक-इन आहे, सपाट कठीण मैदान आहे. टर्फवर वाढलेल्या मुलाला रेषेलगतचा पॅरालेला कळायला वेळ लागतो, कारण त्याच्या खेळात रेषाच नव्हती.

२०१६ मध्ये प्रीमियर फुटसाल ही व्यावसायिक स्पर्धा चेन्नई आणि गोव्यात झाली, मोठी नावं आली, पण राष्ट्रीय महासंघाची मान्यता तिला नव्हती. महासंघाची क्लब स्पर्धा २०२१ मध्ये नवी दिल्लीत सुरू झाली. २०२३ मध्ये भारताचा पुरुष संघ आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत उतरला. तेव्हा आपण आज ज्या टप्प्यावर आहोत त्याचा विचार केला तर, टॅबलेट हवा की चकत्या, या वादाआधी प्रशिक्षकाला खऱ्या मापाचं मैदान आणि आठवड्यातून दोन सरावांची हमी हवी. तरीही स्वस्त फोनवर चालणारा साधा फलक मुंबईतल्या शाळेच्या प्रशिक्षकाला किंवा म्हापशातल्या क्लबला आजच वापरता येतो, आणि तो वापरत असलेले काहीजण आहेतही.

वापरणाऱ्यांनी साधन निवडताना काही गोष्टी पाहाव्यात: फुटसालचं स्वतंत्र मैदान आहे ना, की अकरांच्या मैदानाचा तुकडा कापलाय, १० मीटरचा ठिपका आणि खेळाडू-बदलाची जागा आहे का, चित्र उलटं फिरतं का, इंटरनेट नसताना चालतं का. रंगीत त्रिमितीय खेळाडूंवर भुलू नये.

एक विनंती राज्यातल्या आणि गोव्यातल्या फुटबॉल संघटनांना. प्रशिक्षकांच्या परवाना वर्गात एक पान वाटा: धाव, पास, ड्रिबल, अडवणूक आणि फटका यांची पाच चिन्हं, मराठी आणि कोंकणीत अर्थासह. पुढच्या वर्गापासून सगळ्यांनी तीच चिन्हं वापरावीत, मग चित्र टॅबलेटवर असो की वहीच्या मागच्या पानावर.